सगळे निघाले कुठून?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक, आदरणीय सर; केवळ या कार्यक्रमासाठी लांबचा प्रवास करून आलेल्या प्रमुख पाहुण्या; आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना या इमारतीत कुणी कधी नावाने हाक मारली नाही अशा आपल्या सर्वांच्या बाई; बाईंचे आजी-माजी विद्यार्थी; कार्यालयातली मंडळी; यंत्रखोली सांभाळणारे आपले पंखेवाले काका; आणि दुसऱ्या रांगेत बसलेले माझे आई-दादा, सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक अडचण सांगते. मी भाषण लिहून आणलंय, आणि कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे. तो उलटायला दोन हात लागतात. माझ्या एका हातात हा गुच्छ आहे, आणि या टेबलावर तो ठेवायला जागा नाही. खाली ठेवला तर अपमान होईल. सर, जरा धरता का? हो, थोडाच वेळ. धन्यवाद. तुमच्या कोटाला तो शोभूनही दिसतोय.

जे आत्ताच आत आले, त्यांना हा गुच्छ माझ्याकडे कसा आला ते ठाऊक नसेल. आपल्या अध्यक्षीय प्रास्ताविकात सरांनी थोड्या वेळापूर्वी जाहीर केलं, की बाईंच्या निवृत्तीनंतर विभागाची जबाबदारी मी घेणार आहे. कायमस्वरूपी. 'यंत्रही इथेच आणि मुलगीही इथेच,' असं सर म्हणाले, निर्णय एकमताने झालाय असंही म्हणाले, आणि हा गुच्छ माझ्या हातात दिला. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. दादा तर उभे राहिले. मला ही बातमी तुमच्याबरोबरच कळली.

हसू नका. खरंच तुमच्याबरोबरच.

त्यामुळे माझी अवस्था अशी आहे, की भाषण एका मुलीने लिहिलंय आणि वाचायला उभी आहे दुसरीच. पण आजचा दिवस बाईंचा आहे, कागदावरही आधी बाईच आहेत, आणि क्रम मोडला की मला पुढचं काही सुचत नाही. म्हणून आधी बाई. मग गुच्छ.

मी या संस्थेत आले तेव्हा मला गोगलगाय म्हणजे कुंडीतली पानं खाणारा एक प्राणी, एवढंच माहीत होतं. बाईंनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "काय येतं तुला?"

मी म्हटलं, "ग्राफिक्स कार्डवर आकडेमोड करता येते."

"ग्राफिक्स कार्ड म्हणजे ते पोरं खेळ खेळतात तेच ना?"

"हो बाई. तेच."

"मग माझ्या गोगलगायींनी काय शर्यत लावायची आहे का?"

मी इतकी घाबरले, की 'नाही बाई' म्हणण्याऐवजी 'हो बाई' म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव पडलं घाईबाई. गोगलगायींच्या घरात घाईबाई! या नावात माझं काही कर्तृत्व नाही. मी स्वतः अतिशय सावकाश माणूस आहे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. हे मला घरून मिळालंय. माझी पहिली शाळा म्हणजे दादांचं शिलाईचं दुकान. अंक मी बटणांवर शिकले आणि अक्षरं कापडावर, खडूने. आईने शिकवलेली पहिली गोष्ट मात्र अंकही नव्हती आणि अक्षरही नव्हती. ती म्हणायची, "तुझ्या वतीने कुणी काही बोललं आणि ते तसं नसलं, तर तिथल्या तिथे सांग. मुकी बिचारी कुणीही हाका, असं होऊ देऊ नकोस. नंतर सांगितलेलं कुणी ऐकत नाही."

आई, तू माझ्याकडे अशी बघू नकोस. माझ्या लक्षात आहे.

तर बाईंचं काम. प्रमुख पाहुण्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत आहे, पण मागच्या रांगांतल्या घरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. बाई जन्मभर एकच प्रश्न विचारत आल्या, कोण कुणाची बहीण? सख्खी कोण, चुलत कोण, आणि नुसती शेजारीण असून बहिणीसारखी दिसते ती कोण? गोगलगायींची ही नाती झाडासारखी काढतात. दहा जाती घेतल्या, तर त्यांची वीस लाखांहून जास्त झाडं संभवतात. बाईंकडे जाती शेकड्यांनी होत्या. त्यांची झाडं किती, ते सांगायला मला शब्द नाही. त्यातलं खरं झाड कसं ओळखायचं? तर प्रत्येक गोगलगायीच्या पेशीतली जी लिपी आहे, तिची अक्षरं एकाखाली एक मांडायची आणि एकेका झाडाला विचारायचं, 'बाबा रे, तू खरा असशील, तर ही अक्षरं अशी दिसण्याची शक्यता किती?' ज्याचं उत्तर सर्वांत मोठं, ते झाड आपलं.

सगळ्या झाडांना विचारणं कुणालाच शक्य नाही. म्हणून एका झाडापासून निघायचं. त्याची एक फांदी कापून दुसरीकडे जोडून बघायची. उत्तर सुधारलं तर नवं झाड ठेवायचं, नाही सुधारलं तर जुनं. असं पाऊल-पाऊल वर चढत जायचं. जुन्या यंत्रावर असा एक शोध पुरा व्हायला कित्येक महिने जात. बाई म्हणायच्या, "गोगलगायींचा अभ्यास गोगलगायींच्याच चालीने. यात न्याय आहे."

मी आले ती या चालीसाठी. आणि मी काय केलं ते सांगायला मला दादांचं दुकानच बरं पडतं. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं, की दादा कापड स्वतः बेतत, पण काजं करायला स्वतः कधी बसत नसत. का? एका काजाचं दुसऱ्या काजावाचून काही अडत नाही. दहा जणींना दहा सदरे वाटून द्या, सगळी काजं एकदम होतात. कॉलरचं तसं नाही. कॉलर बसल्याशिवाय तिचं बटण लावता येत नाही, तिथे एकामागून एकच जावं लागतं. त्या लिपीतला अक्षरांचा एकेक रकाना म्हणजे एकेक काज आहे. एकाचं गणित दुसऱ्यावाचून अडत नाही. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो हात. त्यातला एकही फार हुशार नाही, पण सगळे एकाच वेळी एकच छोटं काम न कंटाळता करतात. ती काजं मी कार्डाकडे दिली. महिन्यांचं काम एका दुपारवर आलं.

बाईंना हे समजावलं तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "म्हणजे हजारो काजवाल्या बायका तू त्या डब्यात बसवल्यास."

"हो बाई."

"आणि त्यांच्या चहाचं काय?"

दारातून पंखेवाले काका म्हणाले, "ते माझ्याकडे, बाई. गार वारा देतो. चहा मागत नाहीत, नुसत्या तापतात."

एक खुलासा इथे केलाच पाहिजे. मी पावलाचा वेग वाढवला. पाऊल कुठे पडावं, यात मी काहीच सुधारणा केली नव्हती. हे तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि संस्थेच्या पत्रकात 'शोधाला पंख फुटले' असं छापून आलं. पंख नव्हे, सर. फार तर चांगल्या चपला.

काका, ती यंत्रखोलीची गोष्ट सांगू का? काका मानेने नको म्हणताहेत. थोडक्यात सांगते.

आमची यंत्रखोली म्हणजे बिनखिडकीची एक अरुंद जागा. आत गार वारा आणि पंख्यांचा असा घोंगाट, की स्वतःचा विचारसुद्धा ओरडून करावा लागतो. एका दुपारी मी आत गेले आणि दाराची आतली मूठ माझ्या हातात आली. फोन बाहेर टेबलावर. मी दार बडवलं, हाका मारल्या. पंख्यांपुढे माझा आवाज तो काय! आणि बाहेर सगळं आलबेल. कारण बाहेरच्या पडद्यावर माझा शोध छान चाललेला दिसत होता. जो येई तो पडदा बघे, 'वा, चाललंय,' म्हणे आणि पुढे जाई. काम चाललंय म्हणजे घाईबाई ठीक आहे. गारठून माझी बोटं वळेनात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा, असं वाटलं.

मग मला सुचलं. मी आतल्या कळफलकावरून शोध थांबवला.

क्षणात बाहेर धावपळ उडाली. कधी एकत्र न दिसणारी माणसं एकत्र धावत आली. दार उघडलं तर सर्वांत पुढे आपले सर, आणि सरांचा पहिला प्रश्न, "किती काम वाया गेलं?" सर, रागावू नका, तुमची काळजी मला कळते, यंत्र महागाचं आहे. बाई मागून वाट काढत आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "आधी पाणी पी."

मूठ दुसऱ्या दिवशी बसली. काकांनी ती अशी बसवलीय, की आता भिंत निघेल पण मूठ निघणार नाही. मी मात्र अजूनही आत जाताना दारात खुर्ची अडकवून ठेवते.

आता थोरल्या झाडाकडे येते.

बाईंच्या प्रयोगशाळेत समोरच्या भिंतीवर एक झाड लावलेलं होतं. तुमच्यापैकी अनेकांनी त्याखाली उभं राहून फोटो काढलेत. ते बाईंनी तरुणपणी हाताने काढलेलं. शंख मोजून, सूक्ष्मदर्शकाखाली गोगलगायींचे दात बघून. होय, गोगलगायींना दात असतात, आणि भरपूर असतात. या झाडाला आम्ही थोरलं झाड म्हणायचो. त्यात डाव्या बाजूला वळणाऱ्या शंखांच्या सगळ्या जाती एका फांदीवर होत्या. डावखुऱ्या सगळ्या बहिणी, असा बाईंचा प्रसिद्ध सिद्धांत. बाईंच्या येऊ घातलेल्या ग्रंथाचं ते हृदय.

आणि आमच्या विभागाची एक रीत होती. कुठलाही शोध सुरू करायचा तो थोरल्या झाडापासून. ही रीत वेडेपणाची नव्हती. जुन्या यंत्रावर कुठल्याही भलत्या झाडापासून निघालं, तर आयुष्य गेलं असतं. चांगल्या ठिकाणाहून निघालं की लवकर पोचता येतं. मग नवं यंत्र आलं, महिन्यांची दुपार झाली आणि रीतीमागचं कारण संपलं. रीत तशीच राहिली. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, आम्ही फार वेगात होतो.

वेग होता म्हणून आम्ही एका शोधाऐवजी शेकडो शोध सोडले. सगळे परत आले तेच उत्तर घेऊन. डावखुऱ्या सगळ्या बहिणी! केवढा आनंद झाला. सर स्वतः खाली आले, सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "शेकडो शोध आणि एकमत! याहून मोठा पुरावा काय हवा?"

मला तो चहा काही गेला नाही. मी तेव्हापासून अस्वस्थ होते. आमच्या घरी चार माणसांचं आमटीत मीठ किती यावर एकमत होत नाही, आणि इथे शेकडो शोध एका आवाजात बोलत होते. काही दिवस मी गप्प राहिले. बाईंपुढे त्यांच्याच झाडाबद्दल शंका काढायची म्हणजे... तुम्ही बाईंना ओळखता. शेवटी एकदा त्या कप विसळत होत्या तेव्हा मी त्यांच्या पाठीला उद्देशून विचारलं, "बाई, हे सगळे निघाले कुठून?"

"कोण सगळे?"

"शोध."

"थोरल्या झाडापासून. नेहमीप्रमाणे."

आणि मग बाईंच्या हातातला कप तसाच राहिला आणि नळ वाहतच राहिला.

कारण असं आहे, की हा शोध फक्त चढाची वाट ओळखतो. पाऊल वर जात असेल तरच तो टाकतो. त्यामुळे तो एखाद्या टेकडीच्या माथ्यावर पोचला, की चारी बाजूंना उतार दिसतो आणि त्याला वाटतं, 'झालं, यापेक्षा उंच काही नाही.' पलीकडे मोठा डोंगर असला तरी त्याला दिसत नाही. तो अडकतो, आणि वाईट भाग असा, की अडकणं आणि पोचणं हे त्याला आतून अगदी एकसारखं वाटतं. शेकडो शोध एकाच टेकडीच्या पायथ्याशी सोडले, तर शेकडो शोध त्याच टेकडीवर जाऊन 'पोचलो' म्हणणार. हे शेकडो साक्षीदार नव्हेत. हा एकच साक्षीदार आहे आणि त्याचा शेकडो वेळा आलेला प्रतिध्वनी आहे. यंत्र वेगवान केलं, तर प्रतिध्वनीही वेगाने येतो, एवढंच.

बाईंनी नळ बंद केला. ग्रंथ छपाईला जायचा होता, निवृत्ती तोंडावर होती. त्या 'नको' म्हणाल्या असत्या, तर माझ्यासकट कुणी ब्र काढला नसता. त्या म्हणाल्या, "चालव. दिसेल त्या झाडापासून निघ. वाटेल तसं, वेडंवाकडं. आणि काही शोधांना खाली उतरायचीही मुभा दे."

मी चालवलं. काही शोध पुन्हा थोरल्या झाडाच्या टेकडीवरच जाऊन बसले. पण काही दरीत उतरले, भटकले आणि पलीकडच्या डोंगरावर चढले. तो उंच होता, बराच उंच. तिथून जे झाड दिसलं, त्यात डावखुऱ्या गोगलगायी दोन वेगळ्या फांद्यांवर होत्या. त्या बहिणी नव्हत्याच. एकमेकींना न भेटता दोन घराण्यांनी डावीकडे वळण घेतलं होतं.

बाई म्हणाल्या, "पुन्हा चालव."

पुन्हा तेच.

"परत एकदा."

तेच. मग बाईंनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि थोरलं झाड भिंतीवरून उतरवलं. मी रडवेली झाले होते. त्या म्हणाल्या, "तुला काय झालं रडायला? टेकडीवर घर बांधून राहिले आणि जन्मभर तिला डोंगर म्हणत आले मी. हवा चांगली होती तिथली." आणि दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, "तू मात्र माझ्या टेकडीवर खोली भाड्याने घेऊ नकोस."

त्या वाक्याने मी अडचणीत आले आहे, आणि इथे कागदाची पहिली बाजू संपते. सर, गुच्छ जड होत नाही ना? थोडंच राहिलंय.

मागच्या बाजूला मी बाईंच्या स्वभावाबद्दल लिहिलंय. ते मी बाईंना घरी नेऊन वाचून दाखवेन. कारण आता गुच्छाबद्दल बोललं नाही, तर पुढे कधीच बोलता येणार नाही.

एका वेगळ्या संस्थेने मला बोलावलंय. दूर आहे. जागा तात्पुरती, हुद्दा इथल्यापेक्षा खालचा, खोली बहुधा दोघींत एक. काम गोगलगायींचं नाही. शोध अडकला आहे, हे त्याचं त्यालाच आतून कसं कळावं, हा तिथला प्रश्न आहे. मला दुसरं काही सुचत नाही असा तो प्रश्न आहे. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय. हे या सभागृहात फक्त बाईंना माहीत होतं. आई-दादांना रविवारी सांगणार होते. दादा, शब्द शोधत होते हो. बसा ना. उभे राहू नका.

आणि सर, तुमच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तुम्ही मला कायमची जागा देताय, यासाठी माणसं देव पाण्यात घालून बसतात. तुम्ही म्हणालात, सगळ्यांना विचारलं आणि एकमत झालं. माझ्या धंद्याची खोड म्हणून एकच गोष्ट पडताळून बघू का?

काका, सरांनी तुम्हाला काय विचारलं होतं? जरा मोठ्याने. मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. काका म्हणतात, सर म्हणाले, 'घाईबाई राहतेच आहे, बरं झालं ना?' मग काका म्हणाले, 'बरं झालं.' बरोबरच आहे काका. दुसरं काय म्हणणार?

दादा, तुम्हाला सरांचा फोन आला होता का? काय म्हणाले? 'अभिनंदन, तुमची मुलगी विभाग सांभाळणार.' आणि तुम्ही? 'आनंद आहे.' हो ना. मलाही आनंद झाला असता.

बाई, तुम्हाला? बाई म्हणताहेत... माईक देऊ का बाई? नको म्हणतात. बाई म्हणताहेत, 'मी म्हटलं, तिला विचारा.' आणि सरांना वाटलं, बाई चेष्टा करताहेत. सर, तुमचा दोष नाही. बाई चेष्टा करतात तेव्हाही चेहरा हाच असतो.

बघा, सगळे निघाले कुठून? 'ती राहतेच आहे' या एका झाडापासून. मग सगळे पोचले तिथेच. या एकमतात कुणी खोटं बोललेलं नाही. फक्त कुणी दुसरीकडून निघालंच नाही. आणि खरं सांगायचं तर मीही नाही. गेले काही महिने मी स्वतःला रोज विचारत होते, 'इथे कशी राहू? कुणाला न दुखवता कशी राहू?' इथे राहू का, हा प्रश्न माझ्याही मनात आला नाही. काम चाललेलं होतं, पडद्यावर सगळं छान दिसत होतं. मी आत दार बडवत होते, आणि बाहेरून जाणारी मीच 'वा, चाललंय,' म्हणत होते.

आज भाषण मीच करावं हा आग्रह बाईंचा. विभागात माझ्याहून ज्येष्ठ मंडळी असताना हा मान मला का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्याबद्दल फार बोलू नकोस. माईक हातात आला की स्वतःचं काम कर." मला वाटलं, विनय. बाई, विनय आणि तुम्ही! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तेव्हा, अध्यक्ष महाशय, या सभागृहात माझ्या वतीने जे सांगितलं गेलं, ते तसं नाही. मी विभागाची जबाबदारी घेत नाहीये. सोमवारी मी त्या दुसऱ्या ठिकाणी हो कळवणार आहे.

... पाणी पिते हं जरा.

मी उद्याच निघत नाही. बाईंच्या ग्रंथातलं नवं झाड छापखान्यात जाईपर्यंत मी इथे आहे. विभागातल्या धाकट्या दोघींना माझा सगळा प्रोग्राम चालवता येतो, खरं तर त्या तो माझ्याहून धीटपणे चालवतात. त्या दोघींना विचारा, सर. पण 'तू घेतेसच ना' असं म्हणून नको. नुसतं विचारा. त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही, आणि मला वाटतं, तेच योग्य आहे.

दादा, तुम्ही वाजवलेल्या टाळ्या मी परत करत नाही, त्या माझ्याकडेच राहू देत. तुम्ही आता मान खाली घालून बसला आहात, हे मला इथून दिसतंय. घरी गेल्यावर माझ्याशी भांडा. पण अबोला धरू नका. मी उतरणार आहे, एवढंच मला नक्की माहीत आहे. पलीकडे डोंगर आहे की नुसतीच दरी, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. सांगू शकले असते, तर मलाही झोप लागली असती. आई, तू हसतेयस का रडतेयस, ते चष्म्यामुळे कळत नाही.

सर, गुच्छ घेऊन तुम्ही आत्ता माझ्याकडे बघताय. तो कृपा करून तुमच्याच हातात राहू द्या, आणि माझ्यानंतर बाई बोलायला उठतील तेव्हा त्यांना द्या. फुलं ताजी आहेत. आणि आज सत्कार त्यांचा आहे.

बाई, तुम्ही मला गोगलगायी शिकवल्यात, एका स्टुलावर चढून जन्माचं काम भिंतीवरून कसं उतरवायचं ते दाखवलंत, आणि गारठले तेव्हा आधी पाणी प्यायला लावलंत. यातलं कुठलंही मला फेडता येणार नाही, आणि तसा प्रयत्न करून मी तुमचा अपमान करणार नाही. संयोजकांनी बोलायची संधी दिली, पाहुण्यांनी वेळ दिला, तुम्ही सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, सरांनी गुच्छ धरला, सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. मला बोलायची सवय नाही. क्रम मोडला, पाहुण्यांचा गौरव करायचा राहून गेला, वडीलधाऱ्यांना भर सभेत प्रश्न विचारले, सांगायला बाई होत्या आणि मी मध्येच स्वतःबद्दल बोलले. या सगळ्या चुका आहेत, आणि त्यांची क्षमा करावी, अशी हात जोडून विनंती करते.

मी नाही म्हणाले, ते मात्र त्या चुकांत धरू नये.

नमस्कार.